रात्रीच्या भाकरीवर खटला

रब्बीचा हंगाम असतो. भूम किंवा परंडा तालुक्यातील एखाद्या शिवारात रात्रीचे दहा वाजून जातात आणि शेतीपंपाच्या फीडरवर थ्री-फेज वीज येते. शेतकरी बॅटरी घेऊन विहिरीकडे निघतो, मोटार सुरू करतो आणि ज्वारीला किंवा हरभऱ्याला दारे धरू लागतो. कोणी घरून दोन घास खाऊन आलेला असतो. कोणी फडक्यात बांधून आणलेली भाकरी मध्यरात्रीच्या सुमारास बांधावर बसून खातो. नेमक्या त्याच वेळी त्याच्या मुलाच्या मोबाइलवर एक उपदेश येऊन पडतो: संध्याकाळी सातनंतर जेवाल तर वजन वाढेल, मधुमेह होईल, आयुष्य कमी होईल.

हा उपदेश आता सर्वत्र ऐकू येतो. वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्या तो छापतात, व्याख्यानमालांतून तो टाळ्या मिळवतो, कारखान्यांच्या आरोग्य शिबिरांतून कामगारांना तो दिला जातो. ज्या कामगाराची पाळीच रात्री दहाला संपते, त्याला सातच्या आत जेवण्याचा सल्ला देण्यात काही विसंगती आहे, असे शिबिर भरवणाऱ्याला वाटत नाही. लठ्ठपणाच्या प्रश्नात आरोपी म्हणून उभी केली जाते ती रात्रीची भाकरी, आणि दोषी ठरतो तो ती खाणारा. हा खटला कितपत खरा आहे, आणि तो चालवण्यात कोणाचा लाभ आहे, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी तपासून पाहिले पाहिजे.

शास्त्राचा निकाल काय?

प्रथम शास्त्राकडे वळावे. कारण श्रमिकांच्या बाजूने बोलताना शास्त्राकडे पाठ फिरवणे ही चळवळीची परंपरा नाही.

शरीराला स्वतःचे घड्याळ आहे, ही गोष्ट निर्विवाद आहे. या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००९ मध्ये उंदरांवरील एका प्रयोगात असे दिसले की, त्यांच्या विश्रांतीच्या वेळी स्निग्ध आहार दिलेल्या उंदरांचे वजन, जागेपणी तोच आहार मिळालेल्या उंदरांपेक्षा अधिक वाढले. माणसांच्या बाबतीत स्पेनमधील मुर्सिया येथे ४२० जणांचे वीस आठवडे निरीक्षण झाले. दुपारचे मुख्य जेवण तीननंतर घेणाऱ्यांचे वजन, तेवढाच आहार असूनही, लवकर जेवणाऱ्यांपेक्षा कमी उतरले. २०१३ मध्येच इस्रायलमध्ये ९३ स्थूल स्त्रियांना रोज १४०० कॅलरींचा आहार बारा आठवडे देण्यात आला. ज्यांनी त्यातील निम्मा वाटा सकाळी घेतला, त्यांचे वजन तो वाटा रात्री घेणाऱ्यांपेक्षा दुपटीहून अधिक उतरले.

एवढ्यावर थांबले तर उपदेशकांचा विजय झाला असे वाटेल. परंतु शास्त्र एवढ्यावर थांबलेले नाही. २०२२ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे तीस जणांना प्रत्येकी चार आठवडे सकाळी भरपेट आणि चार आठवडे रात्री भरपेट, परंतु एकूण तेवढाच, आहार मोजून देण्यात आला. दोन्ही वेळा वजन सारखेच उतरले. शरीराने खर्च केलेली ऊर्जाही सारखीच भरली. फरक पडला तो भुकेत: सकाळी भरपेट खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत बोस्टन येथे सोळा जणांवर झालेल्या प्रयोगात जेवणाच्या वेळा सुमारे चार तास पुढे ढकलताच भूक वाढली आणि ऊर्जेचा खर्च किंचित घटला. तथापि हा प्रयोग काही दिवसांचाच होता. त्यातून वजन वाढल्याचे सिद्ध झाले नाही. वाढू शकण्याचा मार्ग तेवढा दिसला.

याचा एकत्रित अर्थ काय? उशिरा जेवल्याने भूक चाळवते, झोप बिघडते, आणि त्यामुळे माणूस अधिक खाण्याची शक्यता वाढते. वेळेचा स्वतंत्र परिणाम असलाच तर तो लहान आहे आणि त्याबाबत प्रयोगांचे एकमत नाही. मोठा परिणाम आहे तो किती खाल्ले, काय खाल्ले, अंगमेहनत किती झाली आणि झोप किती मिळाली याचा. घड्याळाचा काटा सातच्या पुढे गेला म्हणून भाकरीतील ऊर्जा दुप्पट होत नाही. ‘सातनंतर खाल्लेले सारे अंगावर चढते’ हे विधान शास्त्राचे नव्हे. अर्धवट शास्त्रावर उभारलेल्या नीतिपाठाचे आहे.

येथे दोन गोष्टींबाबत घोटाळा होऊ नये. भूम तालुक्यातच कुंथलगिरीचे दिगंबर जैन सिद्धक्षेत्र आहे. जैन परंपरा सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य मानते. परंतु त्यामागील मूळ विचार अहिंसेचा आहे, अंधारात सूक्ष्म जीवांची हत्या होऊ नये हा आहे. त्या व्रताला वजन कमी करण्याच्या जाहिरातीला जुंपणे हा त्या परंपरेवरही अन्याय आहे. दुसरे, शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याचा सल्ला मराठवाड्यात घरोघरी पोहोचवला. त्यावर २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रभर वादही झडले. त्या सल्ल्याचा मुख्य भर किती वेळा खावे यावर आहे, आणि त्याचे वैद्यकीय मूल्यमापन वैद्यकांनी करावे. येथे वाद कोणा एका डॉक्टरांशी नाही. वाद आहे तो सामाजिक प्रश्नाचे रूपांतर वैयक्तिक शिस्तीच्या प्रश्नात करणाऱ्या वृत्तीशी.

कॅलरीचा जुना वाद

गरिबाच्या ताटाकडे बोट दाखवण्याची ही पहिली वेळ नव्हे. २१ ऑगस्ट १९६३ रोजी लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातील २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगितले, तेव्हा सरकारतर्फे पंधरा आण्यांची सरासरी पुढे करण्यात आली. सरासरीच्या पंधरा आण्यांत मलबार हिलचा रहिवासी आणि परंड्याचा शेतमजूर एकाच पंगतीला बसवले गेले होते. लोहियांनी ती पंगत मोडली.

पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दरडोई रोज २२५० कॅलरी हा निकष धरून दाखवून दिले की, १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या पातळीखाली होते. यावर दुसरे थोर महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. एकाच माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरी निकषाखालील प्रत्येक जण उपाशी मानू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. सुखात्मे यांची विद्वत्ता आणि स्वच्छ पाणी व आरोग्यसेवेविषयीचा त्यांचा आग्रह निःसंशय आदरणीय होता. परंतु त्यांच्या सिद्धांताचा आधार घेऊन पुढे पुष्कळांनी भूक कागदावर कमी करून घेतली.

त्या वादाचा धडा आज आठवण्यासारखा आहे. त्या काळी गरिबाला सांगितले गेले की, तुझे शरीर थोडक्यात भागवते. आज त्याला सांगितले जाते की, तू चुकीच्या वेळी खातोस. दोन्ही वेळा प्रश्न त्याच्या शरीराचा ठरतो. मजुरीचा, किमतींचा आणि कामाच्या तासांचा प्रश्न सभागृहाबाहेरच उभा राहतो.

घड्याळ कोणाच्या हाती?

जेवणाची वेळ माणूस ठरवतो, असे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील स्वतंत्र ग्राहकाला वाटेल. धाराशिव जिल्ह्यात ती वेळ इतरच कोणी ठरवतात.

शेतकऱ्याची वेळ वीजपुरवठ्याचे वेळापत्रक ठरवते. आठवड्यातील काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास, अशी आळीपाळीची वीज महाराष्ट्रातील शेतीने वर्षानुवर्षे सोसली. उद्योगाची आणि शहराची गरज दिवसा भागावी म्हणून शेतकऱ्याची रात्र घेतली गेली. साप-विंचवांची जोखीमही त्याच्याच वाट्याला आली. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आखण्यात आली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. म्हणजेच ही निसर्गाची आपत्ती नव्हती. धोरणाने जे लादले ते धोरणाने काढता येते. ज्या फीडरवर दिवसा वीज आली, तेथील शेतकऱ्याला वेळेवर जेवण्याचा उपदेश करावा लागणार नाही.

ऊसतोड कामगाराची वेळ कारखान्याची वाहने ठरवतात. कळंब, वाशी, भूम या भागांतून दरवर्षी कोयते बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून राबते. पहाटे चूल पेटवून स्त्री भाकरी थापते, दिवसभर फडात ऊस तोडून मोळ्या बांधते, आणि वाहन रात्री ज्या वेळी येईल त्या वेळी मोळ्या डोक्यावरून वाहून ते भरून देते. तिच्या रात्रीच्या जेवणाला वेळच नसते. ती कधी आठला जेवते, कधी अकराला. कधी सकाळचे उरलेले खाते. तिच्या कोपीसमोर ‘सातच्या आत जेवा’ असा फलक लावण्याचे धैर्य कोणा उपदेशकाला होईल काय?

कारखान्यातील आणि दुकानांतील कामगाराची वेळ कायदा ठरवतो, आणि तो कायदाच आता लांबवला जात आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला कमाल नऊ तास आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती हे तत्त्व घालून दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर, दुकाने-आस्थापनांत नऊवरून दहा तासांवर नेण्यास, आणि कारखान्यांतील विश्रांती पाचाऐवजी सहा तासांनी देण्यास मान्यता दिली. कामगाराची संमती घेतली जाईल, जादा कामाचा दुप्पट मोबदला मिळेल, असे सांगण्यात आले. ज्या जिल्ह्यात एका जागेसाठी दहा जण रांगेत उभे असतात, तेथे संमतीचा अर्थ काय होतो हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. सकाळी आठला कामावर उभा राहिलेला कामगार बारा तासांनी सुटून खेडेगावी परतला तर किती वाजता जेवेल? एका हाताने जेवणाची वेळ हिरावून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने वेळेवर जेवण्याची पत्रके वाटायची, असा हा व्यवहार आहे.

महाराष्ट्रातील कामगार चळवळीच्या आरंभीच ही गोष्ट ओळखली गेली होती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन जे निवेदन तयार केले, त्यातील मागण्या पाहाव्यात: रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० साल उजाडले. ज्याला आज आहारशास्त्राचा नवा शोध म्हणून विकले जाते, ते सूर्यास्तापर्यंत घरी पोहोचणे लोखंड्यांनी हक्क म्हणून मागितले होते. कामगारांची शिस्त सुधारावी, असे त्यांनी मालकांना सांगितले नाही; तास कमी करा, असे सांगितले.

सर्वांत शेवटी जेवणारी

आता घराच्या आत पाहावे. मराठवाड्यातील बहुसंख्य घरांत रात्री सर्वांत उशिरा कोण जेवते? पुरुष, मुले, पाहुणे यांची पाने उठल्यावर, भांड्यात जे उरेल ते घेऊन चुलीपुढे बसणारी स्त्री. उशिरा जेवणे हेच लठ्ठपणाचे मुख्य कारण असते, तर गावातील सर्वांत लठ्ठ व्यक्ती तीच ठरली असती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे वेगळेच सांगतात: देशातील १८.७ टक्के स्त्रिया अजून कृश आहेत आणि २४ टक्के अतिवजनी किंवा लठ्ठ. कृशतेचे प्रमाण खेड्यांत अधिक आहे, लठ्ठपणाचे शहरांत. केवळ एवढ्यावरून वेळेचा परिणाम शून्य ठरत नाही. परंतु ताटात काय आणि किती उरते, हा प्रश्न वेळेपेक्षा मोठा आहे, एवढे खास ठरते.

आणि हे दोन आकडे परस्परांचे शत्रू नाहीत; ते एकाच घरातील आई आणि मुलगा आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. परंतु ही हडकुळी बालके स्नायूंच्या बाबतीत जितकी उणी होती, तितकी चरबीच्या बाबतीत उणी नव्हती. अर्धपोटी आईच्या पोटी कृश दिसणारे परंतु चरबी राखून ठेवणारे मूल जन्मते, आणि पुढे थोडे बरे खायला मिळताच त्याला मधुमेहाचा धोका अधिक राहतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्या अंदाजामागे आजच्या रात्रीच्या जेवणाइतकाच, किंबहुना अधिक, मागच्या पिढीतील आईच्या रिकाम्या ताटाचा वाटा असू शकतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेल्या जिल्ह्याने हे विसरू नये.

ताटही बदलले आहे. जेथे ज्वारी, तूर, मूग, उडीद होते तेथील खरिपात सोयाबीनने जागा घेतली. ते घरात शिजत नाही, बाजारात जाते. रेशनवर प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळतो. उरलेली जागा वाडीतांड्यांवरील किराणा दुकानात लटकणाऱ्या पाच रुपयांच्या पुड्यांनी भरून काढली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस जणांना दोन आठवडे असे कारखानी खाद्य आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. कारखानी खाद्यावर ते रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊ लागले आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. या पुड्यांच्या कंपन्यांवर कोणी फलक लावीत नाही. सातच्या आत जेवा म्हटल्याने कोणाचा नफा बुडत नाही. मीठ, साखर आणि तेलाच्या या व्यापारावर निर्बंध घाला म्हटल्याने बुडतो. उपदेशाला व्यासपीठ मिळते आणि मागणीला मिळत नाही, याचे कारण येथे आहे.

आक्षेप आणि कर्तव्य

असा आक्षेप येईल की, सारे काही व्यवस्थेवर ढकलून माणसाची स्वतःची जबाबदारी झटकली जात आहे. ज्याला लवकर जेवणे शक्य आहे तोही रात्री अकराला ढाब्यावर बसतो, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. ज्याच्या हाती वेळ आहे, त्याने ती पाळावी. मधुमेहाच्या रुग्णाने डॉक्टरांचे ऐकावे. निजण्याच्या तोंडावर जड जेवू नये. यात समाजवादाला बाध आणणारे काही नाही. परंतु ज्याच्या हाती वेळ नाही, त्याला तोच सल्ला देणे म्हणजे पाय बांधून धावण्याचा सल्ला देणे होय.

दुसरी गोष्ट पक्षाने स्वतःला सांगावयाची आहे. पक्षाच्या बैठका रात्री नऊला सुरू होऊन मध्यरात्री संपतात आणि त्यानंतर कार्यकर्त्याच्या घरी दहा जणांचा स्वयंपाक होतो. तो करणारी स्त्री बैठकीत नसते आणि पंगतीतही नसते. श्रमिकांच्या तासांवर भाषणे करणाऱ्यांनी तिचे तास मोजलेले नाहीत. बैठका दिवसाउजेडी घ्याव्यात, स्वयंपाकात पुरुषांनी हात लावावा आणि घरातील स्त्रीने सर्वांबरोबर पान मांडून जेवावे, एवढा बदल कोणत्याही सरकारची वाट न पाहता करता येतो.

सरकारकडे मागावयाचे ते स्पष्ट आहे. जिल्ह्यातील प्रत्येक शेती फीडरला दिवसा वीज मिळण्याची तारीख जाहीर व्हावी. बारा तासांच्या दिवसाचा निर्णय मागे घ्यावा. ऊसतोडीची आणि वाहने भरण्याची वेळ ठरवून द्यावी. रात्रीच्या भरणीला वेगळी मजुरी असावी. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेली शिवभोजन थाळी दुपारच्या काही तासांपुरतीच आखली गेली. बसस्थानके, बाजार समित्या आणि औद्योगिक वसाहती येथे ती संध्याकाळीही मिळावी. रेशनवर ज्वारी आणि डाळ नियमित द्यावी. २०१८ मध्ये केंद्राने या जिल्ह्याला ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत घातले. आकांक्षा निदान वेळेवर पोटभर जेवण्याइतकी तरी असावी.

लोखंड्यांच्या निवेदनाला आता १४० वर्षे उलटून गेली. त्या गिरणी कामगारांनी अर्धा तास मागितला होता तो जेवण्यासाठी, उसंत घेण्यासाठी. तेवढा वेळ आणि दिवसाउजेडी घरी परतण्याची सोय धाराशिवच्या शेतकऱ्याला, ऊसतोड स्त्रीला आणि कारखान्यातील पोराला मिळेपर्यंत त्यांच्या रात्रीच्या भाकरीवरील खटला काढून टाकला पाहिजे. खटला चालवायचाच असेल तर तो त्यांची संध्याकाळ घेणाऱ्यांवर चालवावा.